दगडावरची नावं

इंग्लंडात नोकरीला आले तेव्हा, बसस्टॉपजवळच्या चर्चपाशी दर सोमवारी एक म्हातारी दिसायची. गुडघ्यांखाली जुनी उशी, हातात टूथब्रश. काही शतकांपूर्वी चेटकिणी ठरवून फासावर दिलेल्या बायकांची नावं तिथल्या दगडावर कोरलेली होती. त्या अक्षरांतलं शेवाळ ती घासून काढायची.

"तुमच्या घरातल्या का या?" मी एकदा विचारलं.

"नाही. आमच्या पूर्वजांनी यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती," ती म्हणाली आणि पुढचं अक्षर घासू लागली.

लहानपणी हळदीकुंकवाची बोलावणी करायला आई मलाच पाठवायची. एक दार मी कुणी न सांगताच टाळायचे. तिथली बाई सवाष्ण होती, पण सगळी गल्ली तिला चेटकीण म्हणायची.

त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मी गल्लीतल्या त्या बाईचं नाव आठवू लागले. आठवेना. मी ते कधी विचारलंच नव्हतं.