प्रभुभोजनाचा प्याला

सन अठराशे ऐंशीच्या सुमारास ठाण्याच्या एका ख्रिस्तमंदिरात गोपीनाथपंत नेहमी पहिल्या बाकावर बसत. येशूसाठी जानवं सोडलं, आईबाप सोडले, काही म्हणून राखलं नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. पण प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांना एकच, बाकांवरून हातोहात फिरणारा. मिठागरात राबणाऱ्या धाकूच्या आधी तो आपल्या ओठी लागावा, एवढ्यासाठीच ती जागा होती.

एका रविवारी उशीर झाला आणि पंतांना मागे, धाकूच्या पलीकडे बसावं लागलं. प्याला धाकूपाशी आला. त्यानं पंतांकडे पाहिलं आणि काठाला ओठ न लावता वरून घोट घेतला.

"घ्या पंत, उष्टा नाय केला," तो हळूच म्हणाला.

पंतांची मान वर होईना. देवापासून राखून ठेवलेलं ते एवढंसं सोवळं, धाकूच इतकी वर्षं सारं ओळखून, मागे बसून त्यांच्यासाठी सांभाळत आला होता.