सेबेस्टियनचा पुकारा

कचेरी कुठली ते सांगत नाही. वसईच्या बाजूची होती एवढं पुरे. पन्नास साली मी तिथे कारकून म्हणून लागलो तेव्हा सेबेस्टियनला पट्टेवाला होऊन वीस वर्षं झाली होती. साहेब येत आणि बदलून जात, सेबेस्टियन मात्र दारातच असे. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, आणि आवाज असा की आवाराबाहेर बैलगाडीखाली झोपलेला पक्षकारही उठून बसावा. त्याचं मुख्य काम पुकाऱ्याचं. दारात उभं राहून माणसाचं नाव तीनदा घ्यायचं, आणि तीन हाका मारूनही तो आला नाही तरच कागदावर त्याला गैरहजर लिहायचं.

राहायचा जवळच्याच होळी नावाच्या वस्तीत. घरामागे वांगी आणि मिरच्या लावायचा. घरात बायकोशी, लूर्डसशी, तो जे बोले त्यातलं मला निम्मंही कळत नसे. पाचूबंदरच्या कोळ्यांत गेला की तो कोळ्यांसारखा बोले, पूर्वेकडच्या भातवाल्यांत त्यांच्यासारखा, आणि साहेबांपुढे आमच्यासारखा. म्हणजे त्याला चार मराठ्या येत होत्या आणि मला एकच, पण गर्व मात्र मला होता.

सरकारी जाहीरनामे गावोगाव नेऊन चिकटवण्याचं कामही त्याच्याकडेच होतं. तो नुसता चिकटवून परतत नसे, ओट्यावर बसून सांगत असे. लढाईच्या दिवसांत रात्री दिवे झाकण्याचा हुकूम निघाला, तोही इंग्रजीत. याने पाचूबंदरला जाऊन सांगितलं की विमान मासळीसारखं दिव्याला येतं, तेव्हा दिवे झाका. त्या रात्री अख्खं बंदर काळोखात होतं म्हणे. हे मला जुन्या कारकुनांनी सांगितलं, आणि मी हसलो होतो. तेव्हा मी बरंच काही हसण्यावारी नेत असे.

एकदा पीकपाहणीसाठी मी त्याच्याबरोबर पूर्वेकडच्या चांदीप गावाला गेलो. मालू नावाची बाई तिथे भातशेत कसत होती. शेत मालकाचं, पण तिच्या आजापासून कसणारे हात यांच्याच घरातले. नवरा मुंबईला गिरणीत, बाप वारलेला, कुळ म्हणून नाव हिचंच. आम्हाला बघून ती म्हणाली, जेवून जा. मला कडकडून भूक लागली होती. मी लगेच बरं म्हणून पाटावर बसलोसुद्धा. सेबेस्टियनचा चेहरा पडला. परतताना त्याने माझी चांगलीच कानउघाडणी केली. या गावांत पहिल्या बोलावण्याला नको म्हणायचं, दुसऱ्यालाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं तरच ते खरं विचारणं, असं त्याने मला समजावलं. पहिल्यालाच हो म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी हावरट.

सत्तावन्न साली नवे साहेब आले. माणूस सरळ, पैशाला न शिवणारा, आणि मराठीचा कडवा अभिमानी. इंग्रजी कागद त्यांनी टेबलावरून हद्दपार केले. आम्हाला कोण आनंद झाला. आता लोकांना सगळं कळेल असं आम्हाला मनापासून वाटत होतं. साहेब स्वतः मसुदे करत, मी घोटीव अक्षरात उतरवून काढत असे. ‘सदरहू कुळाने न्यायाधिकरणासमक्ष उपस्थित राहून आपला मनोदय व्यक्त करावा’, अशी ती भाषा. मी ती वाचूनच खूश व्हायचो. चांदीपला ती कोण वाचणार, हा विचार मला शिवलाही नाही.

मग साहेबांच्या कानावर गेलं की पट्टेवाला जाहीरनामे आपल्या शब्दांत सांगतो. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. कायद्याचा शब्द तोंडातोंडी इकडचा तिकडे झाला तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. प्रश्न काही खोटा नव्हता. हुकूम झाला की कागद चिकटवून परत यायचं आणि सुनावणीच्या खोलीत अवाक्षर काढायचं नाही. सेबेस्टियन ‘जी’ म्हणाला आणि दारात जाऊन उभा राहिला.

कुळकायद्याच्या सुनावण्या सुरू झाल्या. कसणाऱ्याने साहेबांपुढे येऊन जमीन घेतो म्हणायचं, की ती त्याची. आला नाही, किंवा नको म्हणाला, तर त्याचा हक्क गेला. तीन पिढ्यांची शेती एका शब्दावर टांगलेली होती.

मालूचं नाव निघालं. ती आत आली आणि पदर सावरून भिंतीशी उभी राहिली. समोर मालक हरिभाऊ बसले होते. किनाऱ्याकडचे वाडीवाले, माणूस वाईट नव्हता. मालूच्या लग्नात त्यांनी लुगडं दिलं होतं. साहेबांनी विचारलं, “सदर जमीन खरेदी करण्यास आपण इच्छुक आहात काय?”

मालूने हरिभाऊंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “नको, सायेब,” ती म्हणाली.

मी ‘इच्छुक नाही’ असं लिहिलं. अंगठा घेतला. तिच्या घरच्या पाटावर पहिल्या बोलावण्यालाच बसलेला मी, मला काही म्हणजे काही आठवलं नाही. याची लाज मला अजून वाटते. मालू बाहेर गेली आणि साहेबांनी पुढचं नाव सांगितलं.

दारातून आवाज आला तो पुढच्या नावाचा नव्हता. सेबेस्टियनने पुन्हा मालूचाच पुकारा केला. साहेबांना वाटलं, चुकला. त्यांनी नाव परत सांगितलं. त्याने तिसऱ्यांदाही मालूचंच नाव घेतलं, असं की आवारातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मालू बावरून परत आत आली. साहेब उठून उभे राहिले. नोकरी करायची आहे की नाही, असं त्यांनी त्याला विचारलं.

सेबेस्टियन उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. “साहेब, गैरहजर लिहायच्या आधी कचेरी माणसाला तीनदा हाक मारते,” तो म्हणाला. “या बाईला एकदाच विचारलं. तिच्या गावात एकदा विचारल्याला कोणी हो म्हणत नाही.”

मग मलाच राहवलं नाही. चांदीपच्या जेवणाची हकिगत मी सांगून टाकली. साहेबांनी ती ऐकली आणि हरिभाऊंना विचारलं की हे खरं आहे का. हरिभाऊ इथलेच, त्यांना हे मालूच्या पहिल्या शब्दालाच कळलेलं असणार, आणि तरी ते गप्प बसले होते. आताही नाही म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“खरं आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडेही तसंच चालतं.”

साहेब खाली बसले. त्यांनी स्वतः पुन्हा विचारलं, या वेळी जरा सोपं करून. मालू पुन्हा नको म्हणाली, पण तिथून हलली नाही. मग साहेबांनी सेबेस्टियनला नुसत्या मानेनेच आत यायची खूण केली.

तो आत आला. तिच्यासमोर, पण हरिभाऊ तिला दिसणार नाहीत असा उभा राहिला. “मालूबाय, तू नको बोललीस तं शेत जाल. परत कोन इचारनार नाय. तुना शेत पायजे का?”

मालू रडायला लागली. आपण काय करून बसत होतो ते तिला तेव्हा कळलं. रडतारडताच ती म्हणाली, “पायजे. मना माजा शेत पायजे.”

साहेबांनी आधीचा जबाब रद्द केला आणि नवा लिहायला सांगितला. मी टाक बुडवून ‘कुळाने आपली इच्छा’ इथपर्यंत आलो होतो. साहेबांनी वरूनच वाचलं आणि म्हणाले, “ते खोडा. ती काय म्हणाली ते लिहा.”

मी तसंच लिहिलं. नोकरीच्या आठ वर्षांत एखाद्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत मी पहिल्यांदा लिहीत होतो, आणि शब्द मोजून पाचच होते. पुढे सेबेस्टियनला ताकीद मिळाली. हुकूम मोडला होता, साहेबांनी ते सोडलं नाही. पण त्यानंतर कचेरीत प्रत्येक कुळाला तीनदा विचारलं जाई, आणि तिसऱ्यांदा सेबेस्टियन विचारी.

त्या दिवशी जबाब लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मी तो वाचून दाखवला. पहिलाही दाखवला होता, तेव्हा तिने खाली बघून मान हलवली होती. या खेपेला तिने मला मध्येच थांबवलं, कागदाजवळ आली आणि ओल्या डोळ्यांनी त्या अक्षरांकडे बघत राहिली.

“ह्या मीच बोलली,” ती म्हणाली, आणि मी न सांगता तिने अंगठा पुढे केला.