तोंड बघून ऐकणारी माणसं

कबूल करून टाकतो. मी त्या बाईंच्या ओठांकडे बघत होतो. चांगली पंधरा मिनिटं, टक लावून. शाळेतल्या नव्या काउन्सेलर मॅडम माझ्या मुलीबद्दल काहीतरी गंभीर सांगत होत्या आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला बाप, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. आधी त्यांनी जिभेने दात चाचपले. मग रुमालाने ओठ पुसले. शेवटी पर्समधून छोटा आरसा काढला. मला वाटलं, बाईंना बरं वाटत नाही. काळजीने विचारलं, "पाणी देऊ का?" माझी काळजी जरा मोठ्याने बाहेर पडली असावी, कारण मैदानात कवायत करणारी दोन-तीन पोरं वळून खिडकीकडे बघायला लागली.

मॅडमनी आरसा मिटला आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. संमतीपत्र. मुलीला नववी 'अ'मधून 'क' तुकडीत घालायचं होतं, त्यासाठी पालकांची सही. खाली कारणं लिहिलेली : बोलताना नजरेला नजर देत नाही. विनाकारण मोठ्याने बोलते. मागून हाक मारली तर वळत नाही. फळ्याकडे तोंड करून शिकवलेलं तिला समजत नाही.

'क' तुकडी सावकाश शिकणाऱ्यांसाठी आहे, असं शाळा म्हणते. पोरं तिला गोडाऊन म्हणतात. भिवंडीत गोडाऊनांना तोटा नाही, पण तिथला माल निदान बाहेर तरी निघतो. 'क'मधून 'अ'मध्ये परत आलेलं पोर आमच्या गल्लीत कोणी पाहिलेलं नाही.

बाहेर मुलगी उभी होती. "पप्पा, सही केलीत?"

"विचार करून सांगतो म्हटलं."

"मला नाही जायचं 'क'मध्ये." मग म्हणाली, "आणि मॅडमच्या तोंडाकडे काय बघत होतात? सगळे हसत होते."

"मी कुठे बघत होतो?" मी तिच्या ओठांकडे बघत म्हणालो. ती माझ्या ओठांकडे बघत होती. तरीसुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे इथे नमूद करतो.

माझा मेव्हणा खारबावला मास्तर आहे. मास्तरकीच्या परीक्षेला त्याला मानसशास्त्राचा पेपर होता, तेव्हाचं जाडजूड पुस्तक घेऊन तो त्याच संध्याकाळी आला. "भावजी, घाबरू नका. माणूस असं का वागतो, हे सगळं ह्यात हाय."

आणि खरंच होतं. एकाला एक लागून वाद : वर्तनवाद, मानवतावाद, आणखी कुठकुठले. माझी आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "एवढं वाद? मग निकाल कंच्या कोर्टात लागला?"

निकाल लागलेला नव्हता. वर्तनवाद म्हणत होता, माणूस बक्षीस मिळालं की शिकतो. मी चॉकलेटचं पाकीट आणलं. मुलगी डोळ्यांत बघून बोलली की एक चॉकलेट. दोन दिवसांत ती प्रत्येकाच्या डोळ्यांत अशी बघायला लागली की आई घाबरली. "पोरीला काय झालं? डोलं फाडून बघते!" तिने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. उरलेली चॉकलेटं मी खाल्ली, म्हणजे शिकलं कोण ते बघा.

मनोविश्लेषण म्हणत होतं, मूळ बालपणात पुरलेलं असतं. बालपण तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. घर वर, खाली शेडमध्ये कापड विणणारे बारा लूम. बायको खाली कांड्यांवर सूत भरायला बसायची, म्हणून मीच शेडमधल्या लोखंडी बीमला साडीचा पाळणा बांधला होता. खटाखट चालू असली की पोरगी गाढ झोपायची. लाईट गेली, लूम थांबले, की दचकून उठायची आणि रडायची. ह्यात पुरलेलं काय? सगळं उघड्यावर होतं.

जैविक दृष्टिकोन म्हणाला, मेंदू आणि आनुवंशिकता. त्यावर बायको म्हणाली, "आमच्याकडं असलं कोण न्हाय." आई म्हणाली, "आमच्याकडं तरी कोण हाय?" अर्धा तास आनुवंशिकता चालली. बोधात्मक दृष्टिकोन म्हणाला, ती मनात माहितीची जुळणी कशी करते ते बघा. ते कुठून बघायचं, ते लिहिलं नव्हतं. मानवतावाद बायकोला आवडला. माणूस मुळात चांगला असतो, त्याला आहे तसं स्वीकारलं की तो फुलतो. मी लगेच म्हटलं, मग मला स्वीकार. ती म्हणाली, "आधी त्यो टॉवेल दोरीवर टाका."

गंमत म्हणजे प्रत्येक वाद पोरीला चपखल बसत होता. मलाही बसत होता. समोरच्या भाभीच्या बकरीलाही बसला असता. आणि मला त्याचाच राग यायला लागला. सगळे माझ्या पोरीच्या आत शिरून काहीतरी मोडलेलं शोधत होते. पण मोडलेलं काही नसलं तर?

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात. मेव्हणा पुस्तक न्यायला आला होता. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मीठ हाय का गं?" उत्तर गल्लीपलीकडून आलं. भाभी ओरडली, "है मौसी, भेजती हूँ!" लूम बंद असले तरी आमचा आवाज बंद होत नाही. शुक्रवारी आमच्या घरातलं कालवण अख्ख्या गल्लीला माहीत असतं.

मेव्हणा पानं चाळत होता. शेवटचं प्रकरण कोरं करकरीत, एकही ओळ अधोरेखित नाही. "ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"सामाजिक-सांस्कृतिक. माणूस ज्या वस्तीत, ज्या कामात वाढतो, त्याची वागणूक तिथली असते वगैरे. सोडून द्या. हे परीक्षेला येत न्हाय."

मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. दारात आलेली माझी आई, बायको, मुलगी, सगळ्या त्याच्या ओठांकडेच बघत होत्या. अख्खं घर.  लूम चालू असताना डोळ्यांत बघून कुणाला काय ऐकू येणार? कारागीर, शेठ, बायका, पोरं, आम्ही सगळे ओठ बघून ऐकतो आणि ओरडून सांगतो. पाठ फिरवली की बोलणं संपलं. पोरीने वर्गात तेच केलं होतं, जे आम्ही तिला पाळण्यापासून शिकवलं होतं.

शनिवारी शाळेत गेलो. मॅडमही तिथेच बसल्या होत्या. कागद हेडसरांच्या टेबलावर ठेवला. "सही करणार नाही."

"अहो, मॅडम शिकलेल्या आहेत. तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावना नाही सर, बारा लूम आहेत." ह्या वेळी मी मुद्दाम मोठ्याने बोललो. "मॅडम, शुक्रवार सोडून कधीही घरी या. मग सांगा माझी पोरगी कुठे बसवायची ते."

मॅडम आल्या, ह्याचं मला आजही कौतुक वाटतं. सोमवारी शाळा सुटल्यावर आल्या. शेडच्या दारात पाऊल टाकलं आणि कान झाकले. मुलगी शेडच्या दुसऱ्या टोकाला कारागीर चाचांजवळ उभी होती. चाचांनी मधल्या सहा लूमवरून ओठ हलवून मला विचारलं, मेहमान को चाय? मी बोट दाखवलं, एक, साखर कमी. मॅडमना ह्यातलं काही कळलं नाही. त्या कान दाबून स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मी शेजारी होतो, तरी त्यांचं तोंड पलीकडे असल्यामुळे मलाही ते समजलं नाही.

आम्ही वर आलो. मागोमाग मुलगी आली. मॅडमच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "राहतात, मॅडम. चांगली राहतात."

मॅडमचा चेहरा पडला. "मी... तू ऐकलंस?"

"बघितलं. तुम्ही म्हणालात, बाप रे, इथे माणसं कशी राहतात."

चहा निवला. मॅडम म्हणाल्या, "सॉरी." पोरीला म्हणाल्या, मला नाही. पण बाई कच्च्या नव्हत्या. "सवय मला समजली. पण एवढ्या आवाजात वाढलेल्या मुलीचे कान तपासल्याशिवाय मी तो कागद फाडणार नाही. अहवाल आणा, 'अ'मध्ये पहिल्या बाकावर बसवू. मास्तरांनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, ते मी बघते."

आणि इथे माझी सगळी शूरता गळाली. मी म्हटलं, तपासायची काही गरज नाही. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, तिसऱ्या दिवशीही म्हटलं. सगळ्या वादांशी भांडलो होतो, पण कान गेलेले निघाले तर भांडायचं कुणाशी? लूम माझे. पाळणाही मीच बांधलेला.

चौथ्या दिवशी बायकोने लूमचा मेन स्विच बंद केला. गुरुवारी, भर दुपारी. शेड गप्प झाली. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तुमी शालेत भांडलात ते पोरीसाठी, का लूमसाठी?"

धामणकर नाक्यावर, दुकानांच्या वर, कानाचे डॉक्टर बसतात. मुलीला काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. आयुष्यात मी इतका वेळ कुणाच्या अंगठ्याकडे पाहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत. तोंड दिसलं नाही तर ऐकायचे कष्ट घेत नाही, एवढंच. आता शेडमध्ये जाताना मात्र कानात बोळे घालायचे. सगळ्यांनी." मी पैसे द्यायला खिसा चाचपायला लागलो.

"ह्यांचं बी बघा," बायको म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत मला काचेच्या खोलीत ढकललं होतं.

माझा उजवा कान बरा निघाला. डावा जवळजवळ गेलेला. बऱ्याच वर्षांपूर्वीच गेला असणार, डॉक्टर म्हणाले.

शेअर रिक्षात मी मधे बसलो, मुलगी उजवीकडे अहवाल छातीशी धरून, बायको डावीकडे. धामणकर नाक्यावर ट्रक, रिक्षा, हॉर्न, सगळं तुंबलेलं.  बायकोने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "अठरा वर्सं मी तुमच्या डाव्या बाजूला झोपते. म्हंजे मी बोलले त्यातलं तुमाला कायच ऐकू गेलं न्हाय. सरका. पोरी, तू इकडं ये. आता पयल्यापासनं सगलं सांगते."