न पोचलेली घंटी

अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात एक म्हातारे बाबा खाटेवरून उठताना पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला अमरावतीत फोन आला. त्या दवाखान्यातल्या घंटीचं सॉफ्टवेअर आमच्या छोट्या कंपनीने बसवलं होतं आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर त्या खाटेचा नंबर उमटतो आणि घंटी वाजते, एवढंच ते काम.

घंटी वाजली होती का, एवढं फक्त सांगा, असं फोनवर डॉक्टरसाहेब म्हणाले. दवाखाना त्यांचाच. ड्युटीवरची सिस्टर म्हणत होती की वाजलीच नाही. बाबांचा मुलगा म्हणत होता की वडिलांनी बटण दाबलं होतं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि ते कोण हेही बहुतेक ठरलेलं होतं. सिस्टरला घरी बसायला सांगितलं होतं.

पुण्याची नोकरी सोडून मी अमरावतीत परत आले तेव्हा कामाचा ताण कमी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एसटीने बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोचले तेव्हा ऊन असं होतं की स्टँडवरून दवाखान्यात जाईपर्यंत अंगातलं सगळं त्राण गेलं. मी वॉर्डात जाऊन प्रत्येक खाटेचं बटण दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी स्क्रीनवर नंबर आला, घंटी वाजली. डॉक्टरसाहेब दारात उभे राहून बघत होते. शेवटची घंटी वाजल्यावर ते निघून गेले. मी सिस्टरच्या विरुद्ध साक्ष दिली होती, बोटाने बटण दाबून.

आमचे मालक खूश झाले. आपलं सॉफ्टवेअर नीट आहे म्हणाले, तसं लिहून टाका आणि परत या. मी लिहिलं नाही. फार काही तत्त्व वगैरे नव्हतं त्यात. स्क्रीनच्या कॉम्प्युटरवर बघितलं तेव्हा बाबा पडले त्या दुपारी त्यांच्या खाटेची नोंदच नव्हती, पण नेमक्या त्या सुमाराला समोरच्या खाटेची होती. त्या पेशंटचं सलाईन संपलं होतं म्हणून सिस्टर तिकडे गेली होती. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

बाबा तेव्हा वरच्या मजल्यावर होते, ऑपरेशन होऊन. ते मूळचे अमरावतीजवळच्या वलगावचे. बायको नाही, अकोल्यात मुलाकडे राहतात. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि विचारलं, की बाबा, बटण दाबलं होतं का.

"दाबलं ना. लाल लाईटही लागला," ते म्हणाले. "मंग वाट पाह्यली. मले वाटलं, पोरगी दुसऱ्या कोणाजवळ गुंतली असन. कायले तरास द्यावा म्हणून उठलो."

आधी कोणी विचारलं होतं का, म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मुलालाच विचारत होते सगळे.

बटणावरचा तो लाल दिवा बटणातच लागतो. बटण दाबलं गेलं, एवढंच तो सांगतो. निरोप टेबलापर्यंत पोचला की नाही हे त्याला कळत नाही. आणि तो लागलेला असला की नर्सने येऊन बंद करेपर्यंत पुन्हा दाबून उपयोग नसतो. म्हणजे बाबा खरं बोलत होते. सिस्टरही खरं बोलत असेल तर निरोप मध्येच कुठेतरी हरवला होता.

सिस्टरला मी फोन करून बोलावून घेतलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. दुपारी आली, युनिफॉर्मशिवाय, साडीत. तिशीची असेल. दारातच म्हणाली, "मी खोटं बोलून नाही राहिली, मॅडम."

मी म्हटलं, म्हणूनच बोलावलंय.

वॉर्डाचा एक भाग रंगकामासाठी रिकामा केलेला होता. एका खाटेवर ती बसली, समोरच्या खाटेवर मी. स्क्रीन आम्हाला दिसेल अशी फिरवून ठेवली. त्या दुपारसारखी दोन बटणं एकदम दाबली गेली तर काय होतं ते बघायला मी हाताने खूण करायचे आणि आम्ही दोघी एकदम बटण दाबायचो. दोन्ही नंबर यायचे. दिवे बंद करायचे, पुन्हा दाबायचं. दोन्ही यायचे. कूलर नुसता गरम हवा फेकत होता. रंगाच्या वासाने माझं डोकं दुखायला लागलं. मध्ये चहा आला, तो पिऊन पुन्हा बसलो. तिने एकदाही विचारलं नाही की हे किती वेळ चालणार. मलाच विचारावंसं वाटत होतं, स्वतःला.

आणि एकदा एकच नंबर आला. माझा. तिच्या बटणावर लाल दिवा लागलेला होता, तिचं बोट अजून त्याच्यावर होतं. घंटी एकदाच वाजली.

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता डॉक्टरले बोलवा."

डॉक्टरसाहेब आले. त्यांच्यासमोर आम्ही पुन्हा पुन्हा दाबलं आणि प्रत्येक वेळी दोन्ही नंबर आले. ते थोडा वेळ थांबले, घड्याळ बघितलं आणि ओपीडी आहे म्हणून गेले. सिस्टरने चप्पल घातली. बसस्टॉपपर्यंत मी तिच्यासोबत चालले.

घरी येऊन मी दोन बटणं एकदम दाबल्यासारखे निरोप पुन्हा पुन्हा पाठवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि मग आम्ही वापरत होतो ती लायब्ररी उघडली. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून फुकट दिलेलं तयार सॉफ्टवेअर. जगभर अशा गोष्टींवरच आमची कामं चालतात. आलेले निरोप ही लायब्ररी रांगेत ठेवते. मग रांगेत काय आहे ते सगळं एकदम उचलते, आणि उचलून झालं की रांग पुसून रिकामी करते. उचलणं आणि पुसणं यांच्यामध्ये एक इवलीशी फट होती. त्या फटीत नवा निरोप आला तर तो उचलला जात नव्हता, पुसला मात्र जात होता. कुठे नोंद नाही, चूक झाली असा संदेश नाही. आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात. नाव भारी आहे, पण घडतं ते एवढंच.

लायब्ररी सांभाळणारा माणूस कुठल्याशा थंड देशात राहतो. माझ्याआधीही दोन-चार जणांनी त्याला हे कळवलेलं होतं आणि आपल्याकडे असं होत नाही म्हणून त्याने त्या तक्रारी बंद करून टाकल्या होत्या. मला राग यायला हवा होता. पण मीही त्या वॉर्डात सगळी बटणं एकेक दाबून बघितली होती. मी त्याला प्रोग्राम पाठवला आणि बाबांचं काय झालं तेही दोन ओळींत लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा त्यात दुरुस्ती होती आणि खाली लिहिलं होतं की नोकरी करून हे एकटाच बघतो, दवाखान्यात कोणी हे वापरत असेल असं कधी मनात आलं नव्हतं, बाबा आता कसे आहेत.

मालकांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दुरुस्त झालं ना, मग कशाला बोलायचं. दोष लायब्ररीचा असला तरी नाव आपलं जाईल. त्यांच्याशी वाद घालायची ताकद नव्हती. मी पुन्हा एसटी धरली आणि दुरुस्ती बसवायच्या निमित्ताने डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. लॅपटॉपवर त्यांना हरवलेले निरोप दाखवले, एकामागून एक. ते बराच वेळ बघत होते. आता होणार नाही ना, विचारलं. मी म्हटलं, ही फट बुजली, दुसरी नसेलच असं सांगता येणार नाही. आणि सिस्टरला तुम्हीच कळवा.

"पाहतो," ते म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी तिचाच फोन आला. तिला कामावर परत बोलावलं होतं. पण ती सरळ गेली नव्हती. सगळ्या स्टाफसमोर सांगा, मगच येईन, असं तिने डॉक्टरांना कळवलं होतं. त्यांनी सकाळच्या राउंडनंतर सांगितलं, चूक मशीनची होती म्हणून. माफी मागितली नाही. बाबांच्या मुलाला कोणी सांगितलं का, मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग मीच फोन लावला. ऐकून तो म्हणाला, बाबा आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात.

आनंद व्हायला हवा होता. मला फक्त आडवं व्हावंसं वाटत होतं, आणि मी झाले.

त्या थंड देशातल्या माणसाने नंतर आणखी एकदा लिहिलं. लायब्ररी सांभाळायला तुम्ही मदत कराल का, निदान रांगेचा भाग तरी, मला आता झेपत नाही. बरेच दिवस मी ते पत्र तसंच उघडं ठेवलं होतं. काम माझ्याकडेही कमी नाही. शेवटी एका रविवारी, कपडे वाळत घालून झाल्यावर, मी त्याला एवढंच लिहिलं की रांगेचा भाग बघते, बाकी जमणार नाही.