वीस मिनिटं हलवू नये

प्रेमानंद खिल्लारे भित्रा होता. हे कुणी तोंडावर सांगितलं तरी तो रागवायचा नाही. वसमतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं परिचर होता. मुलं त्याला समोर मामा म्हणत आणि पाठीमागे पापुद्रा. हे दुसरं नाव त्याने स्वतःच्याच तोंडाने ओढवून घेतलं होतं.

दरवर्षी अकरावीचे वर्ग सुरू झाले की व्यंकटराव सर पहिला धडा घ्यायचे तो थेट अणूपासून. मागच्या बेसिनवर प्रेमानंद नळ्या धूत असायचा. मधे छातीइतकी भिंत, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू यायचा. दहावीला दोनदा आपटलेल्या या माणसाने तो धडा बावीस वेळा ऐकला होता. अणू एकमेकांना कसे धरतात, कुणी इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, कुणी वाटून घेतो, पाण्याचे रेणू एकमेकांना हलकेच कसे ओढतात, सगळं. मग प्रथिनं यायची. मग चरबीचे ते रेणू यायचे, ज्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. त्यांचे दोन थर म्हणजे पटल, आणि पटलाच्या आत पेशी. "तुमचं सगळं जगणं त्या पटलाच्या आत आहे, फुटलं की संपलं," सर सांगायचे. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. प्रेमानंदने ते मनाला लावून घेतलं.

एका वर्षी सरांनी त्याच्याच गालाच्या आतून काडीने खरवडलं, काचपट्टीवर निळा रंग टाकला आणि त्याला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. पातळ, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी, मधे एकेक ठिपका. प्रेमानंद बराच वेळ डोळा लावून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एवढ्याशा पापुद्र्यावर मानूस जगून राहिला?" वर्ग खो खो हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

हसणाऱ्यांचं काय जातं? त्या दिवसापासून प्रेमानंदला माणसं फुटण्याजोगी दिसायला लागली. चप्पल घालण्याआधी तो ती तीनदा आपटायचा. पोरीला, दीक्षाला, त्याने सायकल दिली ती नववीत गेल्यावर, आणि तीही महिनाभर मागचा कॅरियर धरून. बायको संध्या म्हणायची, "तुमी त्या कालेजात नळ्या धुता का भ्या भरून आणता?" तो कसनुसा हसायचा. या माणसाला अभिमान फक्त एका गोष्टीचा होता. त्याने धुतलेली नळी उजेडात धरली तर तिच्यावर बोटाचा डागसुद्धा दिसत नसे.

तीन वर्षांपूर्वी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर ऐश्वर्या आली. वयाने लहान, बोलायला सडेतोड. सर्पदंशाच्या तपासणीला काचेच्या नळ्या लागतात आणि दवाखान्यात आहेत सगळ्या प्लास्टिकच्या, हे प्रेमानंदच्या कानावर गेलं. प्राचार्यांची परवानगी काढून त्याने दोन डझन जुन्या नळ्या स्वतः नेऊन दिल्या. पुढे वापरलेल्या नळ्या दवाखान्यात औषधात बुडवून, निर्जंतुक होऊन त्याच्याकडे यायच्या आणि लख्ख होऊन परत जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, हौस होती.

पहिल्याच वर्षी साप चावलेल्या शालूबाईंचं रक्त त्यातल्या एका नळीत गेलं. शालूबाई म्हणजे ज्यांच्या हळदीत संध्या रोजाने जायची त्या. रक्त गोठलं नाही, म्हणून विषावरचं इंजेक्शन दिलं. ते इंजेक्शन त्यांच्या अंगाला मानवलं नाही. घसा सुजला, श्वास कोंडला, दोन दिवस नांदेडला काढावे लागले. पण बाई वाचल्या, आणि तेव्हापासून गावभर सांगत सुटल्या, प्रेमानंदभाऊच्या नळीनं मला वाचवलं. त्यांच्या घरून दरवर्षी त्याच्याकडे नव्या हळदीची पिशवी यायची.

यंदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी दीक्षा आईबरोबर हळद वेचायला गेली. बारावीची परीक्षा तोंडावर होती, तरी सकाळचे दोन तास जाते म्हणाली. प्रेमानंदने तिला त्याचे जुने बूट घालायला लावले. ते तिला ढिले होत होते, म्हणून बांधावर काढून ठेवून ती अनवाणीच पाल्यात शिरली. कापून टाकलेल्या वाळक्या पाल्याखाली काहीतरी सळसळलं. घोट्याच्या वर दोन ठिपके उमटले. साप कुणी नीट पाहिला नाही. कुणी म्हणालं घोणस, कुणी म्हणालं धामण.

शालूबाईंनी आपली जीप काढायला लावली. प्रेमानंदला फोन आला तेव्हा तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो दवाखान्यात पोचला.

दीक्षा खाटेवर टेकून बसली होती. "पप्पा, बूट काढले व्हते म्या," ती म्हणाली. तेवढं बोलून तिने मान फिरवली.

डॉक्टरने दंडातून रक्त काढलं, स्टँडमधली एक नळी घेतली आणि त्यात ते सोडलं. प्रेमानंदने नळी ओळखली. मागच्याच आठवड्यात दिलेली, कडेला बारीक टवका असलेली.

"वीस मिनिटं," डॉक्टर म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. गोठलं असेल तर बरं. वाहिलं, तर विष रक्तात गेलं."

घड्याळ भिंतीवर होतं. अकरा वाजून दहा.

त्या वीस मिनिटांत प्रेमानंदला तो सगळा धडा उलटा दिसायला लागला. सर सांगायचे कसं जुळतं ते. तो आता बघत होता कसं सुटतं ते. घोणशीचं विष रक्त गोठवणारी प्रथिनं संपवून टाकतं, हे त्याला माहीत होतं. मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, आणि मूत्रपिंडं बंद पडतात हेही माहीत होतं. एवढं माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं. संध्या पोरीच्या घोट्यावरची नजर काढत नव्हती आणि शालूबाई पुनःपुन्हा म्हणत होत्या, "भिऊ नका भाऊ. तुमची नळी हाय. बराबर सांगती ती."

साडेअकराला डॉक्टरने नळी उचलली आणि तिरकी केली. रक्त काठापर्यंत सरळ वाहत आलं.

सिस्टरने इंजेक्शनच्या बाटल्या काढायला घेतल्या, ड्रायव्हरला अँब्युलन्स दारात लावायला सांगितली. डॉक्टर मात्र दीक्षाच्या पायावर वाकली होती. "सूज नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "हिरड्याही ठीक आहेत. घोणस असती तर एव्हाना पाय सुजायला हवा होता."

प्रेमानंदची नजर नळीवर होती. रक्त खाली परतलं होतं आणि काच वर मोकळी राहिली होती, लख्ख. त्या लख्खपणाकडे बघता बघता त्याला कॉलेजचं बेसिन आठवलं.

कॉलेजची बोअर डिसेंबरातच आटत होती, दर साली. नळ्या पावडरीने घासून चार पाण्यांनी खळबळायच्या, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण हंडाभर पाण्यात दोन वर्गांचं काम भागवायचं तर चार पाणी आणायचं कुठून? तो एकाच पाण्यात काढायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून चमकवायचा. ती चमक साबणाची होती. साबणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं, आणि काचेवर त्याचा पापुद्रा बसतो. रक्ताला गोठायला काच लागायला हवी. त्याच्या नळीत रक्ताला काच लागतच नव्हती.

हे बोलायचं म्हणजे बावीस वर्षांची एकुलती एक शान आपल्या हाताने मातीत घालायची. आणि चूक निघाली तर? आपल्या बोलण्यापायी इंजेक्शनाला उशीर झाला आणि पोरगी गेली तर? मग त्याला शालूबाईंचा तो सुजलेला घसा आठवला.

"मॅडम," तो म्हणाला, "नळी खराब असंल. म्या धुतलेली हाय. पावडर राहिली असंल आत."

सिस्टरचा हात थांबला. डॉक्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मामा, नक्की सांगता?"

"नक्की न्हाई. माजं रक्त घ्या. तसल्याच नळीत घाला. मला तं साप चावला न्हाई."

कपाटात नव्या काचेच्या नळ्यांचं एक सीलबंद पाकीट सहा महिन्यांपासून पडून होतं. मामांच्या नळ्या असताना कशाला फोडायचं, म्हणून कुणी उघडलं नव्हतं. डॉक्टरने ते फाडलं. नव्या नळीत दीक्षाचं रक्त, प्रेमानंदने धुतलेल्या नळीत प्रेमानंदचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. "इंजेक्शन भरून ठेवा," ती सिस्टरला म्हणाली. "पाय जरा जरी सुजला तरी मी थांबणार नाही."

पुन्हा वीस मिनिटं. पहिल्या वीसमध्ये तो नुसता भ्याला होता. आता तो काहीतरी मागत होता, आणि जे मागत होता ते कुठला कामगार मागतो? आपलं काम खोटं निघावं, तीन वर्षं आपण लोकांना वाईट नळ्या दिल्या असाव्यात, असं तो जीव तोडून मागत होता. संध्या मापाच्या फितीने दर पाच मिनिटांनी घोटा मोजत होती. दीक्षा म्हणाली, "पप्पा, तुमच्या गालाला साबन हाय." त्याने बाहीने गाल पुसला आणि त्याला हुंदका आला.

आधी त्याची नळी तिरकी केली. रक्त वाहिलं. धडधाकट माणसाचं रक्त पाण्यासारखं इकडून तिकडे गेलं. मग डॉक्टरने नवी नळी उचलली, तिरकी केली, आणि पार उलटी धरली. तळाशी घट्ट बसलेला लाल गोळा जागचा हलला नाही.

"गोठलंय," ती म्हणाली. "विष नाही दिसत. तरी उद्या सकाळपर्यंत इथेच राहायचं, मी पुन्हा पुन्हा बघणार." संध्या मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली.

शालूबाईंनी प्रेमानंदच्या पाठीवर हात ठेवला. "म्या काय म्हनलं व्हतं? तुमची नळी..."

"आक्का," तो मधेच म्हणाला. भीतीने त्याचा आवाज बारीक झाला होता. "नळी लबाड व्हती. तुमच्या बारीला बी असंल. तुमाला ते इंजेक्शन लागतच नव्हतं, काय सांगावं. तुमी माज्या हातानं मरता मरता राहिल्या."

शालूबाईंनी हात काढून घेतला. आपल्या घशाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. शेवटी त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "मंग आता नळ्या कोन धुनार?"

डॉक्टर म्हणाली, नव्याच वापरू, जुन्या फेकून देऊ.

पण नव्या नळ्या काही रोज येत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. चार महिन्यांनी पाकीट संपलं तेव्हा तिने स्वतःच प्रेमानंदला निरोप धाडला, वापरलेल्या नळ्या धुऊन द्या. आता कॉलेजला सुट्टी असली की प्रेमानंद घरच्या आडावर नळ्या धुतो, मोजून सहा पाण्यांनी. प्रत्येक खेप दवाखान्यात नेली की त्यातली एक नळी तो स्वतः निवडून बाजूला काढतो, बाही वर करतो आणि सिस्टरपुढे दंड धरतो. मग स्टँडसमोरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसतो. आतापर्यंत दर वेळी रक्त गोठलं आहे. तरी ती वीस मिनिटं तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतो.