पोटाशी उभं राहिलं की मार लागत नाही

हे वाक्य माझं आहे आणि ते साफ खोटं आहे. मी ते माझ्या सासऱ्यांना सांगितलं, भर दुपारी, घरभर पाहुण्यांसमोर, हातात चिवड्याची बशी धरून. तेव्हा वाटलं होतं, बोललो, विषय संपला. तो पुढे जवळजवळ वर्षभर चालला, आणि माझ्या छातीत तर अजून चालूच आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, तुमच्या तोंडून गोष्ट काढायची म्हणजे नळातून उन्हाळ्यात पाणी काढायचं. पण ही एक गोष्ट आता काढतो.

दोन हजार बारा-तेराच्या आसपास मी गोंदियात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. त्यामुळे सासुरवाडीत, म्हणजे दवनीवाड्यात, मी 'कॉम्प्युटरवाले जवाई'. कोणाचा मोबाईल बिघडो, टीव्हीचा रिमोट हट्टाला पेटो, की मिक्सर धूर काढो, माझ्याकडे आणायचे. मिक्सर कॉम्प्युटर नाही हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी लेकी-जावयांचा मुक्काम. त्या वर्षी मंडईला नागपूरचा साळा आपला कॉम्प्युटर घेऊन आला आणि तो त्यानं टीव्हीला जोडला. त्यात एक खेळ होता. हातात तलवार-ढाल घेतलेला एक फाटका शिपाई, आणि जगातला प्रत्येक जीव त्या शिपायाच्या जिवावर उठलेला. लढत लढत त्याची ताकद वाढवायची, चांगली हत्यारं मिळवायची, पुढे सरकायचं. असं म्हणतात. प्रत्यक्षात मरायचं. मेलं की टीव्हीभर लाल इंग्रजी अक्षरांत तशी सूचना येते, तुम्हाला शंका राहू नये म्हणून. आणि तोवर कमावलेली सगळी ताकद मेल्या जागी पडून राहते. परत तिथवर जायचं आणि उचलायची. वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली.

"म्हणजे बसमध्ये छत्री राहिल्यासारखं," मामाजी म्हणाले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. "डेपोत आणाले जा, अन् जाता जाता चप्पल तुटली का छत्रीही गेली."

मामाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांनी आपल्या सख्ख्या पुतण्याला कॉपी करताना धरलं होतं, आणि तो पुतण्या अजूनही त्यांच्या समोर खिशात हात घालत नाही. ते तक्क्याला टेकून शांत बघत होते.

"जिजाजी, तुम्ही तर एक्स्पर्ट आहात," साळा म्हणाला. "जरा दाखवा ना."

मी दाखवलं. किल्ल्याच्या दरवाजावर एक ताडाएवढा राक्षस होता, हातात झाडाचा अख्खा ओंडका. त्यानं मला एका फटक्यात असा चपटा केला की एक मावससासू पुढे सरसावल्या.

"काऊन जी, जवाईबापू पडले का?"

"मेले," साळा म्हणाला.

मी पुन्हा गेलो. पुन्हा मेलो. घरात बातमी पसरली. चुलीजवळच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "जवाई मेले." "आता?" "आताही मेले." शेवटी सासूबाई पदराला हात पुसत आल्या.

"हे पाहा, आमी अंधश्रद्धा मानत नाही," त्या म्हणाल्या, "पण मंडईच्या दिवशी माह्या पोरीच्या नवऱ्याले घडोघडी मेला-मेला करून राहिले, हे मले चालत नाही. दुसरं काही म्हणा."

बरीच चर्चा होऊन 'आऊट' ठरलं. मग मी जेवणापर्यंत आऊट होत राहिलो. बायको ताट घेऊन येताना माझ्या कानाशी म्हणाली, "मंडईत जायचं आहे का, की इथंच ऑलआऊट व्हायचं?"

मी कारणं दिली. जॉयस्टिकचं बटण अडकतं. व्होल्टेज कमी आहे. खिडकीतून उजेड येतो. खिडकी लावली. मग अंधार फार झाला.

"बटन बराबर आहे जी," मामाजी तक्क्यावरूनच म्हणाले. "तुमी घाई करून राहिले. तो मारायच्या आधी उजवा खांदा उचलते. दर खेपेस. हा पाहा, उचलला. आता मारते." मी चपटा झालो. "सांगून मारते तो. मी चाळीस वर्षांत इतका इमानदार माणूस पाहिला नाही. सांगून मारणाऱ्याशी आपलं भांडण कायचं?"

त्यांनी त्या राक्षसाचं नावही ठेवलं: नाकेदार. जंगलाच्या नाक्यावर वनखात्याचा नाकेदार बसतो तसा हा दारात बसलेला, कागद बरोबर असला तर सोडेल, नसला तर नाही.

आज लिहिताना कळतं, त्या खेळाबद्दल याहून शहाणं मी कोणाकडून ऐकलं नाही. अवघड असणं वेगळं आणि लबाड असणं वेगळं. तो खेळ अवघड होता, पण हरलात तर चूक तुमचीच निघायची, आणि कोणती, हेही दिसायचं. म्हणून तर माणूस चिडत नाही, पुन्हा बसतो. त्या दिवशी मात्र मला एवढंच कळलं की कॉम्प्युटरवाल्या जावयाला कॉम्प्युटरच मारतोय आणि सगळा दवनीवाडा बघतोय.

पंगत उठली, पाहुणे हात धुवायला अंगणात गेले. माझ्या खिशात पेन ड्राइव्ह होता. क्लासच्या मुलांकडून जप्त केलेलं बरंच काही त्यात होतं. त्यातच एक छोटा प्रोग्राम होता, त्याला 'ट्रेनर' म्हणतात. तो कोणाला काही शिकवत नाही. फक्त एक बटण दाबलं की तुमच्या शिपायाचं आयुष्य कमी होणंच थांबतं. मी तो चालू केला. सुपारी कातरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

मग सगळ्यांसमोर मी सरळ नाकेदारापाशी गेलो, त्याच्या पोटाला शिपायाचं नाक टेकवलं आणि तलवार चालवत राहिलो. ओंडका माझ्या डोक्यावर धबाधबा पडत होता. शिपाई ढिम्म. नाकेदार कोसळला तेव्हा घरात जो कल्ला झाला तो ऐकून शेजारचे लोक कोण पडलं म्हणून धावत आले. साळ्यानं शिट्टी मारली. मावससासू म्हणाल्या, "पोटात अन्न गेलं ना, मंग काऊन नाही मारणार!" मी चिवड्याची बशी हातात घेतली, जिंकलेला माणूस घेतो तशी.

मामाजी तक्क्यावरून उठून टीव्हीजवळ आले. "इतका मार पडून राहिला, अन् तुमाले लागला कसा नाही?"

आणि मी ते वाक्य बोललो. "मामाजी, ट्रिक आहे. पोटाशी उभं राहिलं की मार लागत नाही. ओंडका लांब असतो ना, जवळ पोचत नाही."

त्यांनी मान हलवली. विद्यार्थ्यानं हलवावी तशी. मी लगेच प्रोग्राम काढून टाकला आणि मंडईत जाऊन उसाचा रस प्यायलो.

साळा नागपूरला परतला, कॉम्प्युटर गावीच ठेवून. आठवड्याभरात मामाजींचा फोन.

"जवाईबापू, नवा शिपाई घेऊन पोटाशी उभा राहून राहिलो, पण तो मारूनच राहिला."

इथं मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "थोडं डावीकडे उभे राहा."

पुढच्या आठवड्यात: "डावीकडेही लागते जी."

"जास्त डावीकडे गेलात तुम्ही. बेंबीच्या जरा खाली."

मामाजींनी वही केली. दोनशे पानी, समासाची. त्यात नाकेदाराच्या पोटाची आकृती, बेंबीपासूनची अंतरं बोटांच्या हिशेबात, आणि प्रत्येक प्रयत्नापुढे शेरा. रोज जेवण झालं की चार वाजेपर्यंत ते पोटाशी उभे राहून मार खायचे. सासूबाईंचा वेगळा फोन यायचा: "तुमचे मामाजी जेवतानाही अंगठे हालवून राहिले. भाताले काय वाटत असंल?" गावातले निवृत्त मास्तर दुपारी बघायला येऊन बसायचे, आणि मामाजी त्यांना अभिमानानं सांगायचे की ही पद्धत आमच्या जवाईची. खांद्याचं ते आता बोलतही नव्हते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी माझ्या शब्दाखातर सोडून दिलं होतं.

सासुरवाडीला सकाळी सगळे मिळून पंचशील म्हणतात. चौथं खोटं न बोलण्याचं. त्या वर्षी चौथं आलं की मला खोकला यायचा. "बाकीची चारही बरोबर म्हणता," बायको म्हणाली, "एका चौथ्यालाच कसा ठसका लागते तुम्हाला?" मी गळ्याच्या गोळ्या आणल्या.

पावसाळा सरता सरता एक दिवस मामाजी आमच्या घरी गोंदियाला आले, बसनं. ते नेहमी स्कूटरवर यायचे. स्कूटर म्हणजे त्यांचा जीव. बायकोनं विचारलं तर म्हणाले, विकाले काढली.

"काऊन, बाबा?"

"ज्या माणसाले समोरचा ओंडका चुकवता येत नाही, त्यानं ट्रक चुकवाच्या भरवशावर राहू नये." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज: "खेळ खरा आहे जी. तुमी मारला म्हणजे मरते तो. माह्येच हात म्हातारे झाले. डोळेही. बरं झालं, कळलं तरी."

मला वाटत होतं ते एक दिवस खेळाला खोटं म्हणतील आणि सोडून देतील, आणि मी सुटेन. पण त्या माणसानं खेळाला खोटं ठरवलं नाही, मला ठरवलं नाही. स्वतःला ठरवलं.

पुढच्या रविवारी मी दवनीवाड्याला गेलो. मामाजी ओसरीत बसले होते, सासूबाई बाजूला सुपात तांदूळ निवडत होत्या. त्या पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं. पेन ड्राइव्ह, प्रोग्राम, बटण. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण.

मामाजींनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"म्हणजे पोटाशी मार लागते?"

"हो."

"डावीकडे?"

"डावीकडेही लागतो."

"बेंबीखाली?"

"मामाजी, बेंबीखाली सगळ्यात जास्त लागतो."

ते उठले. मला वाटलं काठी आणतात. त्यांनी वही आणि लाल पेन आणलं. "मले वाटत होतं ह्या माह्या चुका आहेत. तुमच्या आहेत. तुमीच खोडा." मी मांडी घालून पहिल्या पानापासून खोडायला बसलो. आकृत्या, अंतरं, शेरे. ते शेजारी बसून बघत होते, एक पान चिकटून राहिलं तर बोटानं दाखवत होते.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "काय करून राहिले?"

"जवाईबापू पेपर तपासून राहिले," मामाजी म्हणाले. त्यापेक्षा जास्त त्यांनी सासूबाईंना कधीच सांगितलं नाही.

तीनेक आठवड्यांनी मी परत गेलो तेव्हा ते खेळत होते. नाकेदारापासून चांगले लांब. तो खांदा उचलायचा, मामाजी बाजूला व्हायचे, ओंडका जमिनीवर आपटायचा, मामाजी पुढे जाऊन एक वार करायचे, एकच, आणि मागे यायचे. मी दोनदा ओरडलो, "मारा, अजून एक मारा!" ते म्हणाले, "चूप बसा जी. लालच करून राहिले तुमी." चहाला साय आली. मग नाकेदार गुडघ्यावर बसला आणि पडला. मामाजींनी जॉयस्टिक खाली ठेवली, तळहात दुपट्ट्याला पुसले आणि टीव्हीकडे बघून हात जोडले. त्या राक्षसाला. मग स्कूटरवरची गोणपाटं काढली, दोन किका मारल्या आणि मला मागे बसवून चौकातल्या चहाच्या टपरीवर नेलं, मास्तर मंडळींना सांगायला.

"मारला," ते म्हणाले.

मंडळी हसली. "गुरुजी, तुमच्या जवाईनं तर पयल्याच दिवशी मारला होता! जेवून उठले अन् मारला. तुमाले वरीस लागलं."

मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकत होतो. जागा होती, वेळ होती, चहा अजून यायचा होता. मी बाकावरच्या खिळ्याकडे बघत राहिलो.

"हाव," मामाजी म्हणाले, "जवाई हुशार आहेत आमचे."

त्यांनी मला पुन्हा कधी विषय काढून छेडलं नाही. पण दर मंडईला कोणीतरी ती गोष्ट काढतंच: जवाईनं कसा जेवून उठल्या उठल्या राक्षस मारला, आणि गुरुजींना तोच मारायला कसं वर्ष लागलं. सगळे हसतात, मामाजीही हसतात, आणि मी चिवडा घेतो. ट्रेनर वापरल्याचं मला आता तेवढं वाटत नाही. टपरीवर गप्प बसलो, ते वाटतं.

म्हणून लिहून ठेवतो, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, सासुरवाडीनंही. दवनीवाड्यात तो नाकेदार पहिल्यांदा मारला माझ्या सासऱ्यांनी, वयाच्या सत्तरीत, कोणाच्याही मदतीशिवाय, आणि माझी मदत असतानासुद्धा. मी नंतर घरी खूपदा बसलो, खरेपणानं. मला खांदा उचललेला दिसतो. स्पष्ट दिसतो. मी एक वार करतो, आणि मग अजून एक करायला जातो. मी त्याला अजून मारलेलं नाही.