नाग, मण्यार आणि साहेब लोक

नर्सेस डबा खायला एकत्र बसल्या की पेशंटचे किस्से निघतातच. एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि सगळ्या पोट धरून हसतात. माझे सापांचे किस्से ऐकूनही हसतात. माझं डोकं मात्र अजून तापतं!

साठच्या दशकात मी बोईसरजवळच्या एका लहानशा दवाखान्यात होते. दहा खाटा, डॉक्टर सामंत आणि मी. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. गवत तुडवून मजुरांच्या झोपड्या उठल्या होत्या. साप जाणार कुठे?

*

एका सकाळी सालवडच्या मजूर कॅम्पातून मुकादमाने एकाला आणलं. पापण्या खाली, जीभ जड, मान लुळी.

"पिऊन पडलाय. दोन बादल्या पाणी ओता!"

मण्यार माणूस झोपेत असताना चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. डॉक्टरांनी मुकादमाची मानगूट धरली आणि त्याचं नाक पेशंटच्या तोंडाशी नेलं.

"हुंग! कसला वास?"

"कांद्याचा."

"कांदा खाऊन पापण्या पडतात का रे माणसाच्या?"

पेशंट वाचला. मुकादम नंतर साधा ताप आलेल्याला आणलं तरी दारातूनच ओरडायचा, "वास घेतलाय, डॉक्टर!"

*

बेटेगावच्या एका शेतकऱ्याला नाग चावला. त्याच्या बायकोने विचारलं, "चावला पायाला, आन दम का कोंडलाय?"

डॉक्टर पोस्टाने मासिकं मागवून सापाच्या विषावरचं सगळं वाचायचे. त्यांनी टेबलावरचं कुलूप उचललं. "हे बघ. नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. नस तिथे एक रसायन सोडते. ती किल्ली. स्नायूवरच्या खाचेत ती बसली की स्नायू हलतो. नागाचं विष त्या खाचेत आधीच जाऊन बसतं. कुलपात काडी मोडून ठेवावी तसं! मग किल्ली शिरणार कशी? छातीचे स्नायूही असेच अडकतात."

"मग काडी काढा ना! बोलत काय बसलाव?"

"काढतोय, बाई," म्हणत त्यांनी विष उतरवणाऱ्या सीरमची बाटली दाखवली.

नवरा पाचव्या दिवशी चालत घरी गेला. पुढच्या महिन्यात पालघरहून आरोग्य खात्याचे साहेब तपासणीला आले. जास्त सीरम कशाला हवं, म्हणाले. डॉक्टरांनी त्यांनाही कुलूप दाखवून अर्धा तास समजावलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"हे कुलूप डेड स्टॉक रजिस्टरला आहे का?"

*

शेवटी सीरम संपलंच. मंगळवारी नाग चावलेला एक तरणा गडी माझ्यासमोर गेला. पस्तीस मिनिटं आम्ही नुसते बघत होतो.

बुधवारी डॉक्टर पालघरच्या स्टोअरला गेले. फ्रिज उघडला तर आत सोड्याच्या बाटल्या. सीरमचं खोकं कपाटावर, पत्र्याखालच्या उन्हात! स्टोअरकीपर म्हणाला, "साहेबांना गार लागतो."

डॉक्टरांनी शांतपणे सोड्याच्या चार बाटल्या उचलल्या आणि पावतीवर लिहिलं, "सर्पदंशासाठी सीरमऐवजी सोडा मिळाला. पेशंट कालच वारला, त्यामुळे परत करत आहे."

आणि चारही बाटल्या साहेबांच्या टेबलावर ओतल्या!

*

नवापूरच्या एका कोळीणबाईला जाळं झटकताना समुद्रातला साप चावला. सोबत आलेले सगळे म्हणत होते, "दर्याचा साप चावत नाय."

बाई कळवळून ओरडली, "हाताला लटकला व्हता मेला! त्याला काय इचारू, चावतोस का नाय?"

आमचं सीरम जमिनीवरच्या सापांचं, तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. विष थोडं गेलं होतं म्हणून ती वाचली. डॉक्टरांनी वर पत्र पाठवलं, समुद्रसापावर काही मिळेल का? दोन महिन्यांनी उत्तर आलं.

"समुद्र आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही."

*

लाडकी डोंगरातली. साइटवर गवत कापायला यायची. दुपारी नाग चावला, आणि दवाखान्यात आणेपर्यंत तिचं बोट हलेना, पापणी हलेना, श्वास थांबत आला. डॉक्टरांनी घशात नळी घातली, सीरम लावलं आणि त्या गड्यानंतर मागवलेली रबरी पिशवी माझ्या हातात दिली. दाबायची, सोडायची. तोच तिचा श्वास.

"सिस्टर, ही मेलेली दिसते, पण मेलेली नाही," डॉक्टर म्हणाले.

साइटचा सुपरवायझर आला. खाटेशी उभा राहून सोबतच्या माणसाला म्हणाला, "बोलना, जंगल में काटा. साइट पे नहीं."

एक थोबाडीत द्यावीशी वाटली, पण पिशवी सोडून देणार कशी?

पाच तास झाले. माझी बोटं वाकेनात. डॉक्टर आत आले तेव्हा मी म्हणाले, "अहो, ही गेलीय. उगाच का दाबायचं? हात तुटले माझे."

"दाबा!" ते असे ओरडले की खिडकी हादरली. मग पिशवी त्यांनी स्वतःच घेतली.

दुसऱ्या दिवशी पापणी हलली. तिसऱ्या दिवशी नळी काढली. चौथ्या दिवशी भरपाईच्या चौकशीचे साहेब आले, आणि सुपरवायझर नम्रपणे सांगू लागला की बाई जंगलात गेली होती.

लाडकी उठून बसली. घोगऱ्या आवाजात, त्याच्याच चालीत म्हणाली, "बोलना, जंगल में काटा. साइट पे नहीं."

सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक! मी टाळीच वाजवणार होते.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. माझा हात हातात घेतला, बोटं एकेक करून चोळली आणि विचारलं,

"आन बाय, तुजं हात बरं हाय ना आता?"